इनपुट चार

२ फेब्रुवारी, रविवार

आलो एकदाचे तळवड्यात! टेम्पोवाल्यानं शेगडीचा पाय वाकवला, तुळशीची कुंडी फोडली, पण आज कुणावर चिडायचं नाही असं ठरवलंय. दुसरा मजला, वन बीएचके, गॅलरीतून कंपन्यांचे पत्रे दिसतात आणि लांब भंडाऱ्याचा डोंगर. केजहून निघताना आई म्हणाली होती, नवनाथ, चाकणला नोकरी म्हणजे खुराड्यात राहावं लागेल. ये म्हणावं आता बघायला.

आणि हॉलमध्ये, राव, आख्खं होम थिएटर! भिंतभर टीव्ही, चार कोपऱ्यांत स्पीकर, मधे एक, जमिनीवर धडधडणारा ठोकळा, ॲम्प्लिफायर, सेट-टॉप बॉक्स, आणि सगळ्यांना मिळून एकच रिमोट. युनिव्हर्सल म्हणतात त्याला. त्याच्यावरच छोटा पडदा आहे. घरमालक उद्धवराव इथल्या जुन्या गावातले. हे सगळं त्यांच्या दिग्विजय नावाच्या मुलाचं. तो आता इथं नसतो. भाडं एवढं कमी की मी दोनदा विचारलं. अट एकच घातली त्यांनी: सेट हलवायचा न्हाई, वायर काढायची न्हाई, आन् दर रविवारी मी येनार, धा मिनटं बसनार. मी म्हटलं, धा कशाला, पिक्चर बघून जा.

दिव्याला पटलं नाही. माझी बायको देवानं दिलेल्या प्रसादाचीही आधी तारीख बघेल. तिचं म्हणणं, उगाच कोण कुणाला एवढं देतं, सेट काढायला सांग. मी म्हटलं, तू गप. ती म्हणाली, मी गप बसले तर घर चालेल का तुझं. पिंकी सोफ्यावर उड्या मारत होती. तिला खाली उतर म्हटलं की ती म्हणते, का? सहा वर्षांची आहे, पण तिच्या तोंडात एवढा एकच शब्द आहे.

ही डायरी नव्या कंपनीनं दिली. ब्रेकचे पार्ट तपासायचं काम आहे माझं. आमच्या क्वालिटीत म्हणतात, लिहिलं नाही ते झालंच नाही. म्हणून रोज लिहायचं ठरवलंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रोबेशन संपेपर्यंत मला कायम सेकंड शिफ्ट. सव्वादोनला कोपऱ्यावरून कंपनीची बस, परत येईतो बारा वाजून जातात. दिव्याला इथंच एमआयडीसीत गाड्यांच्या वायरी बांधायचं काम मिळालं, फर्स्ट शिफ्ट. ती जाते तेव्हा मी झोपलेला, मी येतो तेव्हा ती झोपलेली. पिंकी साडेबाराला शाळेतून येते. मी निघालो की तिला पहिल्या मजल्यावरच्या रहिमाबींकडे सोडायचं, साडेतीनला दिव्या घेऊन जाते. भली बाई आहे रहिमाबी, मला बेटा म्हणते. आमचा संसार सगळा फ्रीजच्या दारावर: गॅस संपत आलाय, पिंकीची वही, कपडे वाळत घाल आळशा. भेट रविवारी.

आज सकाळी निवांत टीव्ही लावला. बटण दाबलं, सगळं धडाधड चालू झालं, बातम्या लागल्या, आणि पाच सेकंदांत पडदा काळा. कोपऱ्यात अक्षरं: इनपुट चार. परत एकवर आणलं, परत चार.

मग रिमोटवर मदतीचं बटण सापडलं. दाबलं की प्रश्न विचारतो. इंग्रजीत विचारतो, मी मराठीत लिहितो. टीव्ही चालू आहे का? हो. आवाज येतोय का? हो. इनपुट बरोबर आहे का? नाही. दुरुस्त केलं, जमलं का? हो. आणि खरंच जमलं!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही जमलं. रोज चारवर जातं. मी सोडणारा गडी नाही. टीव्ही भिंतीपासून ओढला आणि मागं बघितलं. एकला सेट-टॉप बॉक्स, दोनला ॲम्प्लिफायर, तीन रिकामं, आणि चारच्या तोंडात रबरी बूच, त्यावर धूळ. चारला काही जोडलेलंच नाही.

चौकातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या नवाबभाईला रिमोट दाखवला. त्यानं फार छान समजावलं. हा रिमोट आंधळा असतो, म्हणाला. टीव्ही चालू आहे का बंद, हे त्याला दिसत नाही. आपण शेवटचं काय सांगितलं तेवढंच तो लक्षात ठेवतो आणि तेच खरं धरून चालतो. मधेच कुणी हातानं टीव्ही बंद केला की याच्या डोक्यात तो चालूच. म्हणून मदतीचे प्रश्न. तिथं खोटं सांगितलं की तो खोट्याप्रमाणे जग नीट करत बसतो. घर कुठलं, असं सहज विचारलं त्यानं. मी सांगितलं तर चहाचे कप उचलायला उठला आणि परत बसलाच नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

उद्धवराव आले. पांढरी टोपी, हातात पिंकीला चिक्की. रिमोट घेतला, स्वतः इनपुट चार लावलं आणि काळ्या पडद्यासमोर दहा मिनिटं बसले. मधेच मान हलवली. निघताना म्हणाले, हाय, बरा हाय.

ते गेल्यावर दिव्या भडकलीच. म्हातारा कुणाशी बोलतो? हे काढ, नाहीतर मी काढते. तिच्या अंगठ्याला कामावर वायर लागते म्हणून ती पिवळी टेप गुंडाळते. तोच अंगठा माझ्या नाकासमोर नाचवला. मी म्हटलं, तुला सुखात दुखणं शोधायची सवयच आहे. नको ते बोललो. तीही बोलली. अख्खा रविवार असा वाया घालवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज चारवर चित्र आलं.

आमचाच हॉल. टीव्ही जिथं आहे तिथून बघावं तसा. सोफा, दार, दारामागं खिळ्याला लटकवलेली भाजीची पिशवी, कॅलेंडर. मला वाटलं टीव्हीत कॅमेरा असणार. टीव्हीवर चादर टाकली आणि कडेनं वाकून बघितलं, चित्र तसंच. सोफ्यासमोर उभा राहून हात हलवला. चित्रात मी नव्हतो.

सोफ्याच्या टोकाला निळ्या शर्टातला एक तरणा माणूस बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून. दोन चित्रं एकावर एक आली असतील, जुनं रेकॉर्डिंग असेल, अशी का-का लिहून काढली मी, लाइनवर दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारून लिहितो तशी. पाचव्या 'का'ला उत्तर नाही.

दिव्याला सांगितलं नाही. ती म्हणेल, बघ.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बसमध्ये लिहितोय.

निघायच्या घाईत टीव्ही बंद होईना. चारवर अडकला, तो निळा शर्टवाला माझ्याकडे बघतोय असं वाटलं. मदत दाबली. टीव्ही चालू आहे का, हो. आवाज, हो. इनपुट बरोबर, हो. घरातले सगळे घरात आहेत का?

हा चौथा प्रश्न पूर्वी नव्हता. मी दाबलं हो.

वाचलंच नाही नीट. आमच्यात लाइनवर चेकशीट असते, दर तासाला मोजून आकडा भरायचा. कोण मोजतं? शिफ्टच्या सुरुवातीलाच आठही रकाने ओके भरून टाकायचे. ऑडिट पास झाल्याशी मतलब. अंगठ्याला तीच सवय, हो, हो, हो, हो. दिव्या कंपनीत होती आणि मी हो म्हटलं. टीव्ही लगेच बंद झाला.

मग स्वयंपाकघरातून परातीचा आवाज आला. जाऊन बघतो तर दिव्या कणीक मळतेय. पिंकी दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती. मी विचारलं, हाफ डे घेतला का? ती म्हणाली हो. बरं नाही का? हो. डबा भरून दिला, हसली. अंगठ्याला टेप नव्हती. आज पिंकीला खाली सोडावं लागलं नाही, धावत बस गाठली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फ्रीजवर चिठ्ठी: 'काल मेथीची भाजी कुणी केली? पिंकीला एकटीला घरी ठेवून गेलास? लाज आहे का?' अक्षर दिव्याचंच.

मला वाटलं चेष्टा करतेय. रहिमाबींना विचारलं. त्या म्हणाल्या, बेटा, काल दिव्या साडेतीनलाच आली, मी जिन्यात बघितलं. पण त्याआधी दुपारभर वर भांडी वाजत होती. मला वाटलं पाहुणे आलेत.

पिंकीला विचारलं, काल दुपारी आई होती ना? ती म्हणाली, आई आली तेव्हा ती गेली. कोण? तर म्हणाली, हो म्हणणारी.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्रमानं लिहितो.

सकाळी दहाला दिव्या पिशवी घेऊन भाजीला निघाली. मी तिला चिठ्ठीबद्दल विचारणार होतो, आल्यावर बोलू म्हणाली. दार लागलं. मिनिटही झालं नसेल, स्वयंपाकघरातून ती चहा घेऊन आली. मी म्हटलं गेली नाहीस? हो, म्हणाली. माझ्याजवळ बसली. मी म्हटलं, गेल्या रविवारचं भांडण विसर, सेट राहू दे ना. हो. आईला बोलावू का महिनाभर? हो. सात वर्षांत ती एका वाक्याला सरळ हो म्हणाली नव्हती. आणि मला, खरं लिहायचं म्हणून लिहितो, मला बरं वाटलं. हे मी लिहून ठेवतोय.

तेवढ्यात कुलूप फिरलं. दिव्या दारात. पाकीट विसरलं म्हणून अर्ध्या जिन्यातून परत आली होती. हातात रिकामी पिशवी, अंगठ्याला पिवळी टेप.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पिंकी रडायला लागली. टीव्ही आपोआप लागला, चारवर. रिमोटच्या पडद्यावर प्रश्न: घरात जास्त कोणी आहे का?

दिव्या दारातून म्हणाली, "नवनाथ, बघतोस काय? दाब. घालव तिला."

मी दाबलं. हो.

क्षणभर सगळं बंद झालं, पंखासुद्धा. परत चालू झालं तेव्हा एकच दिव्या होती. मी विचारलं, तूच आहेस ना?

ती म्हणाली, "हो."

दारामागच्या खिळ्याला पिशवी नव्हती.

१६ फेब्रुवारी, दुपारी

उद्धवराव आले. मी गचांडी धरली त्यांची. त्यांनी सोडवून घेतली नाही. रिमोट घेऊन चार लावलं.

सोफ्याच्या एका टोकाला निळा शर्टवाला. दुसऱ्या टोकाला माझी दिव्या, मांडीवर रिकामी पिशवी. मग उठली, पुढं आली, आतून काचेवर दोन्ही हात मारायला लागली. तोंड हलत होतं, आवाज नाही. ॲम्पचा आवाज मी शेवटापर्यंत वाढवला. नुसता हुंकार येत होता. पिवळी टेप काचेवर घासत होती.

तो निळा शर्टवाला म्हणजे दिग्विजय. उद्धवरावांनी सगळं सांगितलं, खाली बघत. पोरगा चाकणहून यायचा होता. टीव्ही लागत नव्हता, रिमोटनं विचारलं घरातले सगळे घरात आहेत का, यांनी कटकट नको म्हणून व्हय दाबलं. घरात पोरगा उभा. मग दारातून खरा आला. मग तोच दुसरा प्रश्न. म्हणाले, "त्याच्या लेखी जो आधी घरात, तो खरा. मागनं दार वाजवील तो जास्तीचा. मला म्हैन्यानं कळालं." घरात राहिला तो महिनाभर व्हय व्हय म्हणत होता, भाकरी पुढं ठेवली तर नुसता बघायचा. एक दिवस दार उघडं टाकून चालता झाला.

मी विचारलं, मग आम्हाला का ठेवलंत इथं? तर म्हणाले, चालू सेट बंद पडला तर पोरगं दिसायचं बंद होईल. भरल्या घरातच तो चालतो.

माणूस रडत होता. मला त्यांची कीव आली नाही. अजून येत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कामावर गेलो नाही. सुपरवायझरचे फोन येताहेत.

मदत वीस वेळा दाबली. दिव्या घरात आहे का, असा प्रश्न येतच नाही. त्याच्या डोक्यात ती घरात आहे. मीच सांगितलंय.

ही स्वयंपाकघरात उभी असते. मी म्हटलं, तू दिव्या नाहीस. हो, म्हणाली. आणि पोळी लाटत राहिली.

वायर ओढून काढायचा विचार केला. पण मग दिव्या दिसणार नाही. म्हणजे मीही उद्धवरावच झालो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पिंकी शाळेत जात नाही. टीव्हीसमोर बसून असते. काचेला हात लावते, दिव्या आतून लावते. काल दिव्यानं पिशवी उलटी करून दाखवली, पिंकी हसली. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

नवाबभाईला फोन केला. एका बटणानं चालू-बंद करता येतं का सगळं, विचारलं. तो म्हणाला, होतं ना, टॉगल. जे चालू ते बंद होतं, जे बंद ते चालू. रिमोटच्या मागचं बटण दाबून धरायचं. मग म्हणाला, भाऊ, तिथून निघा. पोरीला घेऊन निघा.

दिव्याला काचेत सोडून?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

ठरलं.

पिंकीला रहिमाबींकडे ठेवून आलो. रहिमाबी, ही वही वाचलीत तर, पोरीला खालीच ठेवा, काही झालं तरी वर पाठवू नका. वर मी आणि ही. टॉगल दाबला की आम्ही दोघं आत, दिव्या बाहेर. दिग्विजयही. पोरीला आई पाहिजे. बाप चालेल काचेत.

दिव्याला काचेवर कागद धरून सांगितलं सगळं. ती जोरजोरात मान हलवतेय. नाही, नाही. मला हसू आलं. माझीच बायको.

चुकीचं वागलो तुझ्याशी. लिहिलं म्हणजे झालं.

दाबतोय.

सकाळ, अकरा

आधी प्रश्न विचारतोय. टॉगलच्या आधी विचारतो. घरातले सगळे घरात आहेत का?

या वेळी खरं सांगायचं. पिंकी खाली आहे. दिव्या आत आहे. नाही. दाबलं, नाही.

पडद्यावर: दुरुस्त करत आहे —

टॉगल नाही. हे दुरुस्त — नाही म्हटलं तर तो नसलेलं माणूस भरतो. हो म्हटलं तरी भरतो. मला कसं —

सोफ्यावर पिंकी बसलीये. शाळेचा ड्रेस. रहिमाबींकडे सोडताना फ्रॉक घातला होता मी तिला.

मी म्हटलं, पिंकी, उतर खाली.

का, म्हणाली नाही.

जिन्यात पावलं. धावत. रहिमाबी मागून ओरडतायत, थांब बेटा. दार वाजतंय. बाबा उघड, बाबा.

कडी लावलीये मी. उघडणार नाही. बाहेरच राहा पोरी. आत पाऊल टाकू नकोस —

दिव्या काचेवर डोकं आपटतेय.

स्वयंपाकघरातून ही आली. पिंकीनं बाहेरून विचारलं, आई, दार उघडतेस का?

हो, म्हणाली. कडीकडे चाललीये — मी तिचा हात —

रिमोट सोफ्यावरच्या पोरीच्या हातात आहे. प्रश्न आलाय. घरात जास्त कोणी आहे का. तिचा अंगठा हो वर —

कडी निघा